रक्तात दोष, व्हॉल्ववर घाव : वाचक विचारतात, डॉक्टर सांगतात

मागच्या अंकात पायाच्या शिरेत गुठळी होते त्याबद्दल लिहिलं होतं, आणि लिहिता लिहिता एक वाक्य टाकलं की काही जणांच्या रक्तातच अशी अँटिबॉडी असते जी पुन्हा पुन्हा गुठळ्या करते आणि तिचा त्रास हृदयाच्या व्हॉल्वलासुद्धा होतो. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी टोचत राहिली. हृदयाचे डॉक्टर वेगळे, रक्ताचे वेगळे, दोघांच्या फायली वेगळ्या आणि एकाला दुसऱ्याने काय सांगितलं ते माहीतच नाही, मधल्या मधे पेशंट फिरतोय. म्हणून उत्तरं जरा मोकळेपणाने आणि लांब लिहिली आहेत. नावं अर्थातच काढलीत.

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ३४. दोन वेळा दिवस गेले, दोन्ही वेळा चौथ्या महिन्यात गर्भ राहिला नाही. गेल्या वर्षी एकदा बोलता बोलता जीभ अडखळली, उजवा हात जड झाला, वीस मिनिटांत सगळं ठीक झालं म्हणून घरच्यांनी थकवा म्हटलं. नंतर इको केला तर मायट्रल व्हॉल्व जाड झालाय आणि मध्यम लीक आहे असं आलं. आधी म्हणाले लहानपणी सांधेताप झाला असेल. मग रक्त तपासलं, आता अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम (एपीएस) सांगताहेत. माझं डोकं चालत नाही. रक्ताचा आजार व्हॉल्वपर्यंत कसा गेला? आणि रिपोर्टमध्ये रक्त गोठायला उशीर होतो असं आलंय, तरी रक्त पातळ करायची गोळी का देताहेत?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात सगळा आजार एका माळेत ओवलेला आहे, फक्त ती माळ आधी कोणी हातात धरली नाही. दोन्ही गर्भ जाणं, ती वीस मिनिटं, जाड झालेला व्हॉल्व, ही तीन वेगळी दुखणी नाहीत, एकच आहे.

आधी तुमचा तो गोंधळात टाकणारा रिपोर्ट घेऊ, कारण यावर भले भले अडखळतात. एपीटीटी नावाची टेस्ट नळीत केली जाते, तिथे रक्त गोठायला लागणारा वेळ मोजतात, आणि त्या टेस्टच्या रसायनात फॉस्फोलिपिड नावाचा स्निग्ध पदार्थ असतो. तुमच्या अँटिबॉडी त्या फॉस्फोलिपिडलाच चिकटतात, म्हणून नळीत वेळ लांबतो. शरीरात मात्र बरोबर उलटं होतं. तिथे त्याच अँटिबॉडी रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला आणि प्लेटलेट्सना, म्हणजे गुठळी बनवणाऱ्या बारीक पेशींना, चिथावतात आणि गुठळी होते. म्हणजे कागदावर रक्त पातळ दिसतं आणि प्रत्यक्षात ते चिकट असतं. यातल्या एका अँटिबॉडीचं नाव लुपस अँटिकोॲग्युलंट असं पडलंय आणि त्या नावाने फारच गैरसमज केलेत, कारण ती असणाऱ्या पुष्कळ जणांना लुपस (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार) नसतोच आणि ती शरीरात रक्त पातळ करतही नाही. म्हणून तुम्हाला दिलेली गोळी चुकीची नाही, तीच खरी गरज आहे.

आता व्हॉल्व. मायट्रल व्हॉल्वच्या दोन पाकळ्या दिवसात लाखभर वेळा उघडतात आणि मिटतात, मिटताना त्यांच्या कडा एकमेकींवर दाबल्या जातात, त्यामुळे तिथल्या अस्तराला सतत बारीक बारीक इजा होत असते. धडधाकट माणसात ती भरून येते. तुमच्या रक्तात मात्र त्या जागी अँटिबॉडी जाऊन बसतात, प्लेटलेट आणि फायब्रिनचे (गुठळीतल्या धाग्यांचे) थर चढतात, शरीर ते भरून काढायला तिथे तंतूंची जाळी विणतं, आणि हळूहळू पाकळी जाड आणि ताठ होते. जाड पाकळी नीट मिटत नाही, मग फटीतून रक्त मागे जातं, तेच तुमचं लीक. सांधेतापात पाकळ्यांचे सांधे एकमेकांना चिकटतात आणि व्हॉल्व अरुंद होतो, तुमच्या आजारात अरुंद होण्यापेक्षा गळणं जास्त दिसतं. हा फरक अनुभवी माणसाला इकोमध्ये बऱ्याचदा ओळखू येतो, पण सुरुवातीला गल्लत होऊ शकते, त्यात कोणाचा फार मोठा अपराध आहे असं मी म्हणणार नाही.

कधी कधी पाकळीवर बारीक मोहरीएवढ्या गाठी पण तयार होतात. १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये लिबमन आणि सॅक्स या दोन डॉक्टरांनी चार पेशंटमध्ये अशा गाठी बघून लिहिलं, की इथे जंतू सापडत नाहीत तरी व्हॉल्ववर वाढ आहे. तेव्हा या अँटिबॉडी कोणाला माहीत नव्हत्या. त्यानंतर बरीच वर्षं हे लुपसचंच लक्षण मानलं गेलं. १९८३ मध्ये लंडनला ग्रॅहम ह्यूज यांनी गुठळ्या, गर्भपात आणि अँटिबॉडी यांचा संबंध एकत्र मांडला आणि मग व्हॉल्वचं कोडं पण सुटायला लागलं. २०२३ मध्ये या आजाराचे नवे निकष आले त्यात व्हॉल्व जाड होणं आणि त्यावर गाठ असणं यालाही गुण दिलेत, म्हणजे आता व्हॉल्वला या आजारात अधिकृत जागा मिळाली.

ती वीस मिनिटं विसरू नका. त्या गाठीतून किंवा गुठळीतून एक कण सुटून मेंदूत गेला असण्याची शक्यता खूप आहे. बोलणं अडखळलं आणि परत आलं म्हणजे सुटलो असं समजतात लोक, मला त्या समजुतीची फार भीती वाटते, कारण ती सूचना असते. तुमचा मेंदूचा एमआरआय झाला नसेल तर डॉक्टरांना विचारा, आणि अन्ननळीतून करायचा इको झाला नसेल तर तोही विचारा. छातीवरून केलेल्या इकोत बारीक गाठ सुटून जाते, अन्ननळी हृदयाच्या अगदी मागे असल्यामुळे तिथून बारीक गोष्टी दिसतात.

व्हॉल्व बदलावा लागेल का? या आजारात साध्या इकोवर साधारण तिघांपैकी एकाच्या व्हॉल्वमध्ये काहीतरी बिघाड दिसतो, पण ऑपरेशनपर्यंत फार थोडे जण पोचतात. मध्यम लीक असताना आणि धाप, पायाला सूज, धडधड असं काही नसताना ठरावीक काळाने इको करत राहायचं, गोळी चुकवायची नाही, आणि रक्तदाब आटोक्यात ठेवायचा. रक्त पातळ करणारी गोळी जाड झालेली पाकळी पुन्हा पातळ करत नाही हे खरंय, तिचं काम नवीन गुठळी आणि नवीन झटका अडवणं हे आहे आणि ते काम खूप मोठं आहे.

प्रश्न : माझ्या भावाच्या इकोत व्हॉल्ववर वाढ दिसली, लगेच इन्फेक्शन म्हणून शिरेतून अँटिबायोटिक चालू केलं. आठवड्याने सांगितलं की इन्फेक्शन नाही, रक्ताच्या अँटिबॉडीमुळे आहे, आणि अँटिबायोटिक बंद केलं. आधी चुकलं की आता चुकताहेत?

उत्तर : तुमचा राग समजतो, पण बहुतेक दोन्ही वेळी बरोबरच होतं. व्हॉल्वचं जंतूमुळे होणारं इन्फेक्शन फार घातक असतं, रिपोर्टची वाट बघत बसलं तर व्हॉल्व फाटू शकतो, म्हणून शंका दाट असेल तर आधी औषध सुरू करतात. पण त्याआधी वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या ठिकाणाहून रक्ताचे कल्चर (रक्तात जंतू उगवतात का ते बघायची टेस्ट) घ्यायला हवेत, निदान तीन. ते घेतले होते का एवढं मात्र नक्की विचारा. कल्चरमध्ये काहीच उगवलं नाही, थंडी वाजून ताप नाही, रक्तात अँटिबॉडी भरपूर सापडल्या, प्लेटलेट कमी आहेत, असं चित्र जमलं की निदान लिबमन-सॅक्सकडे वळतं. एक सांगते, याच पेशंटला पुढे खरं इन्फेक्शनही होऊ शकतं कारण खडबडीत पाकळीवर जंतू सहज बसतात. म्हणून पुढे कधी चार-पाच दिवस ताप उतरला नाही तर घरच्या घरी उरलेलं अँटिबायोटिक देऊ नका, त्याने कल्चर पुसलं जातं आणि निदान अवघड होऊन बसतं.

प्रश्न : मॅडम, मी तीन वर्षं वॉर्फरिन, म्हणजे रक्त पातळ करायची गोळी, घेतोय. दर दोन-तीन आठवड्यांनी आयएनआर (गोळीने रक्त किती पातळ झालंय ती टेस्ट), कधी १.६ कधी ४, पालेभाजी खाल्ली तरी बदलतो. मित्राला नवीन गोळी दिली आहे, त्याला टेस्टच लागत नाही. माझ्या तिन्ही अँटिबॉडी (लुपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटी-बीटा-२ ग्लायकोप्रोटीन) पॉझिटिव्ह आहेत आणि एऑर्टिक व्हॉल्व थोडा जाड आहे. मी पण बदलू का? निदान घरी बोटातून आयएनआर बघायचं मशीन तरी घेऊ का?

उत्तर : नाही आणि नाही. तुम्हाला आवडणार नाही पण दोन्हीचं कारण सांगते.

नवीन गोळ्या म्हणजे रिव्हरॉक्साबॅन वगैरे. पायातल्या साध्या गुठळीसाठी त्या उत्तम आहेत, मी स्वतः देते, तुमच्या मित्राला तसंच काही असणार. पण २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला ज्यात फक्त तुमच्यासारखे, तिन्ही अँटिबॉडी पॉझिटिव्ह असणारे पेशंट घेतले होते, १२० जण, निम्म्यांना वॉर्फरिन, निम्म्यांना रिव्हरॉक्साबॅन. तो अभ्यास मुदतीआधीच थांबवावा लागला. रिव्हरॉक्साबॅन घेणाऱ्यांमध्ये चौघांना मेंदूचा झटका आला आणि तिघांना हार्ट अटॅक, वॉर्फरिनच्या गटात अशी एकही गुठळी झाली नाही. मी हे आकडे मुद्दाम देतेय, कारण तोंडी नुसतं नको म्हटलं की पेशंटला वाटतं डॉक्टर जुन्या विचारांचे आहेत. याशिवाय या नवीन गोळ्या चालू असताना लुपस अँटिकोॲग्युलंटची टेस्ट केली तर ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, तो आणखी एक घोळ.

घरच्या मशीनचं असं आहे की त्याच्या पट्टीतही फॉस्फोलिपिड असतं, आणि तुमच्या अँटिबॉडी त्याला चिकटून आयएनआर खोटा वाढवून दाखवू शकतात. मशीन ३.८ म्हणतं, तुम्ही घाबरून गोळी अर्धी करता, आणि खरा आकडा २ च्या खाली असतो. म्हणून तुमच्यासारख्याने शिरेतून रक्त देऊन लॅबमध्येच बघावं. लॅबच्या आकड्याबद्दलही शंका आली तर रक्तविकारतज्ज्ञ फॅक्टर टेन मोजून खात्री करू शकतात, ही सोय आहे हे कित्येकांना माहीत नसतं.

पालेभाजी बंद करायची नाही. व्हिटॅमिन के रोज साधारण सारखं पोटात गेलं पाहिजे, एक आठवडा भरपूर आणि एक आठवडा काहीच नाही असं केलं की आकडा नाचतो. दुसरं, अँटिबायोटिक, अंगदुखीच्या गोळ्या, काढे, कुठलीही नवीन गोष्ट सुरू केली की चार-पाच दिवसांत आयएनआर करा. १.६ आणि ४ मध्ये मला ४ पेक्षा १.६ ची काळजी जास्त वाटते, तुमच्या आजारात तरी. शिरेतल्या गुठळीनंतर साधारण २ ते ३ ठेवतात, धमनीत गुठळी होऊन गेली असेल तर काही डॉक्टर त्याहून थोडा वर ठेवतात किंवा जोडीला ॲस्पिरिन देतात, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

दात काढायचा आहे असंही तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंय आणि दंतवैद्याने गोळी आठ दिवस बंद करा म्हटलंय. कृपा करून तसं करू नका. माझ्या एका पेशंटने असंच दहा दिवस गोळी बंद ठेवली होती, दात निघाला, रक्त आलं नाही, आणि अकराव्या दिवशी तो एक बाजू लुळी घेऊन आला. तो चेहरा मला अजून दिसतो. एक दात काढायला आयएनआर हद्दीत असेल तर बहुतेक वेळा गोळी बंद करावीच लागत नाही, जागेवर टाके घालून आणि दाब देऊन रक्त थांबतं. दंतवैद्याला आणि गोळी देणाऱ्या डॉक्टरांना एकमेकांशी फोनवर बोलायला लावा, तुम्ही निरोप्या होऊ नका.

प्रश्न : आईचं वय ५१, हाच आजार, मायट्रल व्हॉल्व खूपच लीक होतोय, चार पायऱ्या चढल्या की धाप. ऑपरेशन ठरतंय. एक सर्जन म्हणतात मेटलचा बसवू, दुसरे म्हणतात टिश्यूचा. आम्ही घरात दोन तट पडलेत. ऑपरेशनमध्येच काही होणार नाही ना ही भीती वेगळीच.

उत्तर : मेटल की टिश्यू (प्राण्याच्या ऊतीपासून केलेला) हा प्रश्न इतर पेशंटमध्ये असा सुटतो की टिश्यूचा व्हॉल्व घेतला तर आयुष्यभर वॉर्फरिन लागत नाही पण तो साधारण दहा-पंधरा वर्षांत झिजतो, आणि मेटलचा टिकतो पण वॉर्फरिन कायम. तुमच्या आईला वॉर्फरिन तसंही कायम लागणारच आहे, त्यामुळे टिश्यूचा मोठा फायदा इथे निम्मा संपतो. शिवाय या रक्तात टिश्यूच्या व्हॉल्ववर पण गुठळी आणि जाडी येऊ शकते, आणि ५१ व्या वर्षी बसवला तर दुसरं ऑपरेशन बघायची वेळ येऊ शकते, जे या आजारात आपण टाळूच बघतो. म्हणून माझा कल मेटलकडे जातो. पण तुमच्या आईचे प्लेटलेट किती आहेत, आधी कधी मोठा रक्तस्राव झालाय का, आयएनआर स्थिर राहतो का, यावर तो कल बदलू शकतो. आहे तोच व्हॉल्व दुरुस्त करायचा पर्याय सुचवला तर विचारा की पाकळी किती ताठ आहे, कारण दुरुस्त केलेल्या पाकळीवर आजार चालूच राहतो. मेटलचा बसवल्यावर नवीन गोळ्यांचा विषय कायमचा संपतो. त्यातलीच एक, दाबिगाट्रान, मेटलच्या व्हॉल्ववर वापरून बघितली होती, २०१३ मध्ये तो अभ्यास छापून आला, गुठळ्या पण वाढल्या आणि रक्तस्राव पण वाढला म्हणून अर्ध्यात थांबवला होता.

ऑपरेशनच्या भीतीबद्दल खोटा धीर देणार नाही. या आजारात हृदयाचं ऑपरेशन इतरांपेक्षा जोखमीचं असतं, आणि जोखीम दोन्ही बाजूंनी असते. वॉर्फरिन थांबवल्यापासून हेपरिन (रक्त पातळ करायचं इंजेक्शन) सुरू होईपर्यंत जी मोकळी जागा राहते तिथे गुठळीचा धोका असतो, ती जागा तासांत मोजायची, दिवसांत नाही. बायपास मशीनवर (ऑपरेशनच्या वेळी हृदयाचं काम करणाऱ्या यंत्रावर) असताना रक्त पुरेसं पातळ आहे का हे ज्या टेस्टने बघतात ती एसीटी टेस्ट या अँटिबॉडीमुळे मुळातच लांबलेली येऊ शकते, म्हणजे आकडा छान दिसतो आणि हेपरिन प्रत्यक्षात कमी पडलेलं असतं. जाणकार टीम आधीच ठरवून ठेवते की हेपरिनची पातळी थेट मोजायची किंवा एसीटीची हद्द वर धरायची. म्हणून सर्जनला व्हॉल्वची कंपनी विचारण्याआधी हे विचारा, की अशा अँटिबॉडीचे पेशंट तुम्ही केलेत का, आणि ऑपरेशनच्या दिवशी रक्तविकारतज्ज्ञ तुमच्या सोबत असणार का. याचं सरळ उत्तर मिळालं नाही तर जिथे मिळेल तिथे जा, घाई नसेल तर आठवडाभर उशीर झाला तरी चालेल.

अजून एक, फार क्वचित पण सांगायलाच हवं. काही पेशंटमध्ये इन्फेक्शन, ऑपरेशन किंवा गोळी अचानक बंद होणं अशा निमित्ताने एकाच आठवड्यात किडनी, फुप्फुस, मेंदू अशा कित्येक ठिकाणी बारीक गुठळ्या होतात. १९९२ मध्ये अॅशरसन यांनी याला वेगळं नाव दिलं, कॅटस्ट्रॉफिक प्रकार. शंभरात एकाहून कमी पेशंटना होतो. म्हणून ऑपरेशननंतर लघवी कमी होणं, गोंधळल्यासारखं बोलणं, त्वचेवर जाळीदार निळसर डाग, प्लेटलेट झपाट्याने उतरणं यातलं काही दिसलं तर ऑपरेशन झालंय त्यामुळे असेल असं म्हणून सोडू नका, तिथल्या डॉक्टरांना सिंड्रोमचं नाव घेऊन सांगा.

प्रश्न : एपीएस आहे, मायट्रल लीक सौम्य, एकदा पायात गुठळी झाली होती. वॉर्फरिन चालू आहे. लग्नाला दोन वर्षं झाली, मूल हवंय. सासूबाई म्हणतात आधी सगळ्या गोळ्या बंद कर. करू का?

उत्तर : सासूबाईंचा हेतू चांगला आहे आणि त्यांचं अर्धं बरोबर आहे. वॉर्फरिन नाळेतून बाळाकडे जातं आणि साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात बाळाच्या हाडांना, नाकाला इजा करू शकतं. पण नुसती बंद नाही, बदलायची. पाळी चुकली आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली की लगेच, सहावा आठवडा उजाडायच्या आत, कमी रेणुभाराच्या हेपरिनच्या इंजेक्शनवर जायचं, ते बाळाकडे जात नाही. जोडीला कमी डोसची ॲस्पिरिन. काही जणी प्रयत्न करतानाच इंजेक्शनवर येतात, ते आधी ठरवून घ्या. एकही दिवस मोकळा जाता कामा नये. प्रयत्न सुरू करण्याआधी एक ताजा इको करा. सौम्य लीक गरोदरपणात बहुतेक वेळा निभावतं, अरुंद व्हॉल्व जास्त त्रास देतो. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे गुठळीच्या दृष्टीने सगळ्यात वाईट असतात आणि नेमकं तेव्हाच सगळे बाळात गुंतलेले असतात, तेव्हा तुमच्या नवऱ्याला हे पत्र वाचायला द्या. वॉर्फरिनवर परत आल्यावर अंगावर पाजायला हरकत नाही. पुढे पाळणा लांबवायचा असेल तर इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या घ्यायच्या नाहीत, हे मात्र वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

प्रश्न : माझा प्रश्न वेगळा आहे, इओसिनोफिल ७,००० आले, वर्षभर कमी होत नाहीत, खोकला नाही ॲलर्जी नाही. आता इकोत व्हॉल्व लीक आणि हृदयाच्या आत गुठळी. याचा काय संबंध?

उत्तर : थेट संबंध आहे आणि घाईचा आहे. इओसिनोफिल म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, त्या साधारण ५०० पर्यंत असतात. १,५०० च्या वर टिकून राहिले आणि अवयवाला इजा दिसली की हायपरइओसिनोफिलिक सिंड्रोमचा विचार करतात. या पेशींच्या आत विषारी प्रथिनांचे कण असतात, ते हृदयाच्या आतल्या अस्तरावर सांडतात. आधी अस्तर जळतं, मग त्यावर गुठळी बसते, शेवटी तिथे वण तयार होतो आणि मायट्रल व्हॉल्वची मागची पाकळी त्या वणात भिंतीला चिकटून जाते, म्हणून लीक. लोफलर यांनी १९३६ मध्ये हे वर्णन केलं. तुम्ही मधल्या टप्प्यावर असाल तर अजून बरंच वाचवता येतं, वण पक्का झाला की औषधाने तो जात नाही.

जंत, औषधांची रिॲक्शन, रक्ताचा कॅन्सर हे बघायलाच हवं. स्टेरॉइड सुरू करायच्या आधी स्ट्राँगिलॉइड्स नावाच्या जंताची तपासणी करा किंवा त्याचं औषध घ्या, नाहीतर स्टेरॉइडखाली तो जंत अंगभर पसरून जीवावर बेतू शकतं. आणि एक जनुकीय तपासणी मागून घ्या, पीडीजीएफआर-अल्फाची. ती पॉझिटिव्ह आली तर इमॅटिनिबच्या अगदी कमी डोसने आकडा काही आठवड्यांत खाली येतो, इतकं समाधान देणारं औषध माझ्या कामात फार थोडं आहे. हृदयाला इजा झालेली असताना ते सुरू करताना पहिले काही दिवस सोबत स्टेरॉइड देतात आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा होतेय का ती रक्ताची टेस्ट) बघतात. तपासणी निगेटिव्ह आली तर स्टेरॉइड आणि पुढे मेपोलिझुमॅबसारखी इंजेक्शनं आहेत. गुठळीसाठी रक्त पातळ करणारं औषध आजच सुरू झालं पाहिजे, झालंय ना?

प्रश्न : बाबा ७६ वर्षांचे, एऑर्टिक व्हॉल्व खूप अरुंद. हिमोग्लोबिन सारखं कमी, शौचाला काळं होतं, दोनदा दुर्बिणीतून बघितलं, काही सापडलं नाही. रक्ताचा आजार आहे का?

उत्तर : इथे गाडी उलट्या दिशेने चालली असावी, व्हॉल्वमुळे रक्ताचा आजार. अरुंद व्हॉल्वमधून रक्त इतक्या जोरात जातं की व्हॉन विलेब्रँड नावाचं, रक्त थांबवणारं लांबलचक प्रथिन ताणून तुटतं. आतड्यात म्हातारपणी तयार झालेल्या नाजूक वाहिन्यांतून मग रक्त झिरपत राहतं. १९५८ मध्ये हेड नावाच्या डॉक्टरांनी एका छोट्या पत्रात ही जोडी नोंदवली. व्हॉल्व बदलला, छाती न उघडता पायाच्या धमनीतून बसवला तरी, की बहुतेकांचं ते प्रथिन पूर्ववत होतं आणि रक्त जाणं थांबतं किंवा खूप कमी होतं. तेव्हा हिमोग्लोबिन कमी आहे म्हणून व्हॉल्व पुढे ढकलू असं कोणी म्हणालं तर त्यांच्याशी या मुद्द्यावर बोला. लहान आतड्यासाठी कॅमेऱ्याची कॅप्सूल असते, तीही विचारा.

प्रश्न : कंपनीच्या तपासणीत अँटिकार्डिओलिपिन थोडं पॉझिटिव्ह आलं. त्रास काहीच नाही. रात्री झोप लागत नाही.

उत्तर : झोपा. एखाद्या व्हायरल तापानंतरही ही अँटिबॉडी काही दिवस दिसते आणि निघून जाते, म्हणूनच १२ आठवड्यांनी पुन्हा तपासल्याशिवाय आजाराचं नाव द्यायचं नसतं. तोवर सिगारेट असेल तर सोडा, लांबच्या प्रवासात पाय हलवत राहा. परत तपासताना तिन्ही अँटिबॉडी एकत्र करा, नुसती एक नको. त्यात काही टिकून राहिलेलं दिसलं तर तेव्हा एक इको करू. दुसरा रिपोर्ट आला की मला कळवा, आकडा जसाच्या तसा लिहून पाठवा, पॉझिटिव्ह-निगेटिव्ह एवढंच नको.